दशरूच्या घरचे अण्णा

भंडारा जिल्ह्यात लोक तळी बघायला जातात, जंगलात वाघ दिसतो का म्हणून जातात, कोशाच्या रेशमी साड्या घ्यायला जातात. मी माझ्या बापाचा बाप शोधायला गेलो. हे वाक्य आता घरी बसून लिहायला सोपं आहे. तिकडे एका कचेरीच्या भरल्या व्हरांड्यात हेच वाक्य मी खणखणीत आवाजात बोललो होतो. ते पुढे येईलच.

सुरुवात खिरीवरून झाली. पितृपक्षात आजोबांचं पान वाढलेलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कावळ्याचा घास घेऊन गच्चीकडे निघाले होते आणि गोदूआत्या पाटावर बसून खीर ओरपत होती. गोदूआत्या अण्णांची थोरली बहीण. वय नव्वदीच्या घरात. जन्म भंडाऱ्याकडच्या आंधळगावचा. आजोबा तिथले विणकर. ते माग सोडून येवल्याला पैठणीच्या धंद्यात आले तेव्हा आत्या चांगली कळती होती आणि अण्णा जेमतेम तीन वर्षांचे होते. पुढे सगळे नाशिकला आलो, तरी आत्याची जीभ काही आंधळगाव सोडून आली नाही.

तर ती खिरीची वाटी खाली ठेवून अण्णांना म्हणाली, "कवड्या, तू कोणाले घास टाकून राहिला? तुले तर दशरूच्या घरून आणलं होतं."

अण्णा घास हातात धरून उभेच राहिले. बाहेर कावळा वाट बघत होता.

"कोण दशरू?" मी विचारलं.

"दशरू नाई माहीत?" आत्या म्हणाली आणि दुसरी वाटी मागितली.

आत्याची स्मृती हल्ली अशीच आहे. खिडकी उघडते, वारा येतो, खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन तिच्याकडे हजर झालो, तर तिनं मला नीट न्याहाळून विचारलं, "तू कोणाचा रे?" मी म्हटलं, तेच तर विचारायला आलोय.

कोणीही म्हणेल, नव्वदीच्या बाईचं बोलणं, सोडून द्या. मीही तेच म्हणत होतो. पण अण्णांच्या मनात एक जुना काटा होता आणि आत्यानं नेमका त्याच्यावर पाय दिला होता. माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, स्वभावानं लोण्यासारखी. पण तिनं अण्णांना आयुष्यात कधी 'माझा' म्हटलं नाही. शेजारीण म्हणायची, तुमचा मुलगा हुशार हो. आजी झटकन म्हणायची, "माझा कुठला, लोकांचा आहे." त्यांना नोकरी लागली तेव्हाही तेच, लग्नातही तेच. विहीणबाईंसमोर मांडवात म्हणाली, "घ्या, लोकांचं पोरगं आहे, सांभाळा." आम्ही त्याला विनय समजत होतो. अण्णाही हसायचे. त्या खिरीनंतर मात्र हसेनासे झाले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी माझ्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, "मला या वयात कोणाचं घर नको, वाटा नको. पुढच्या वर्षी पाणी सोडताना नाव कोणाचं घ्यायचं, तेवढं सांग. इतकी वर्षं भलत्याच माणसाला हाका मारत असलो, तर माझा खरा बाप तिकडे उपाशी बसला असेल."

त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. मी निघायचं ठरवलं.

तयारी

माझ्या पात्रतेविषयी दोन शब्द. मी हयातभर विमा कार्यालयात दाव्यांचे कागद तपासले. मेलेला माणूस खरोखरच मेला आहे ना, याची खातरजमा करणं हे माझं काम. त्यामुळे जन्मलेला माणूस कोणाला जन्मला, हे काढायला आपल्याला दोन दिवस पुरतील, असा माझा अंदाज होता. मी मोबाइलवर वंशशोधनाचे व्हिडिओ पाहिले. एक भिंग घेतलं. जुन्या कागदांना हाताचा घाम लागू नये म्हणून पांढरे सुती हातमोजेही घेतले. बायको म्हणाली, "बँडवाल्यांसारखा दिसशील." मी दुर्लक्ष केलं.

अण्णांची तयारी वेगळी होती. एका पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "तिकडे नुसता भात खातात म्हणे," ते म्हणाले.

भंडारा

रेल्वेचं वर्णन करत नाही. गाडी उशिरा निघाली आणि उशिरा पोचली, यात कोणाला नवं काय वाटणार.

भंडाऱ्यात उतरल्या उतरल्या आम्ही चना-पोहे मागवले. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, खोबरं भुरभुरतात, पोह्यांना लाडानं वागवतात. इकडे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात आणि बघत बसतात. मी तिखटाचा मोठा शौकीन असल्याचं गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझी मीच सोय केली होती. पहिल्या घासाला कान बंद झाले. अण्णा शांतपणे अर्धी बशी संपवून म्हणाले, "चांगले आहेत."

"तिखट नाही लागत?"

"लागतंय की. पण ओळखीचं लागतंय."

दुपारी त्यांना नदी बघायची होती. आजीच्या बोलण्यात वैनगंगा नेहमी यायची. गोदावरीच्या घाटावर बसूनसुद्धा ती 'आमची नदी' म्हणायची ती वैनगंगेला. आम्ही पूल ओलांडून कारध्याच्या बाजूला गेलो. पात्र रुंद, पाणी संथ, घाईला जागाच नाही. एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. मी उपासाच्या पिठापलीकडे शिंगाडा पाहिलेला नव्हता. तो सालासकट चावला. काटा टाळूला लागला आणि मी त्या बाईसमोर तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.

"सोलून खा ना भाऊ," ती म्हणाली. "काहून गडबड करता? तो कुठी पळून चालला?"

अण्णांनी शिंगाडा न बघता अंगठ्यानं सोलला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले. त्यांनाही ठाऊक नव्हतं की त्यांना हे येतं.

मोहाडी

आंधळगाव मोहाडी तालुक्यात. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी इकडे कोतवाल बुकात सापडतात. पूर्वी गावचा कोतवाल घरोघरच्या बातम्या आणायचा आणि त्या बुकात चढायच्या. ही बुकं आता कचेरीत कपड्यात बांधून ठेवलेली असतात आणि त्यांच्यासाठी रोज माणसं येतात. बहुतेकांना जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी असते. व्हरांड्यातल्या बाकावर दाटीवाटीनं बसलेले सगळे असे पणजोबांचे शोधकरी होते.

खिडकीतल्या बाबूनं माझा अर्ज पाहिला. "व्हॅलिडिटी?"

"नाही."

"मंग पोराच्या ॲडमिशनसाठी?"

"नाही हो."

"नोकरीसाठी? मंग कायले पायजे?"

मागून गलका चालू होता म्हणून मी आवाज चढवला. आणि नेमका तेव्हाच गलका थांबला. "माझ्या वडिलांना त्यांचे वडील कोण ते हवंय," मी गरजलो.

बाकावरचे सगळे पणजोबा विसरले. सगळ्या माना आधी माझ्याकडे, मग अण्णांकडे वळल्या. अण्णा टोपी सारखी करत म्हणाले, "अजून जरा मोठ्यानं सांग. त्या कोपऱ्यातल्या बाईंना ऐकू गेलं नसेल."

"गेलं ना बावाजी," कोपऱ्यातली बाई म्हणाली आणि सरकून त्यांना बसायला जागा दिली.

बाबू मात्र भला माणूस. हसला नाही. बुकं काढायला सांगितली. मी पांढरे मोजे चढवले, भिंग बाहेर काढलं. त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ऑपरेशन आहे काय?"

बुकात मुलांची नावं नसतात, हे मला तिथं कळलं. बापाचं नाव, जात, गाव, आणि मूल मुलगा की मुलगी. बस. नाव ठेवेपर्यंत कोतवाल थोडाच थांबणार. गोविंदा, आमचे आजोबा, यांचं नाव सापडलं. एक मुलगी, ती गोदूआत्या. मग एक मुलगा. मी अण्णांना जवळ यायची खूण केली. पण पानं उलटत गेलो तशी मृत्यूच्या रकान्यात तीच ओळ निघाली: गोविंदाचा मुलगा, ताप. पुन्हा एक मुलगा, पुन्हा तीच ओळ. तिसराही. त्यानंतर गोविंदाच्या नावावर एकही जन्म नाही.

मी भिंग खाली ठेवलं. आयुष्यभर मृत्यूचे कागद तपासून माझी नजर इतकी पक्की झालेली, की त्या ओळींतून काय निघतं हे समजायला मला वेळ लागला नाही. गोविंदाचे सगळे मुलगे गेले. अण्णा त्यांतले नाहीत.

"नाव चुकीचं घेत होतो तर," अण्णा म्हणाले.

रात्री खानावळीत त्यांनी ताटाला हात लावला नाही. पिशवीतल्या भाकरीलाही नाही. मी त्यांना हसवायला मोजे घालून जेवायला बसलो. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, गाढवा, बापाला घेऊन आलास आणि त्याला होतं तेही घालवून परत नेणार आहेस.

आंधळगाव

सकाळी मी म्हटलं, परत जाऊ या. अण्णा म्हणाले, "दशरूचं घर बघितल्याशिवाय नाही. जन्म दिलेल्या माणसाचं दार तरी बघू दे."

रस्त्याला दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या. कापणी चालू होती. पिवळ्या पेंढ्या ओळीनं आडव्या. मधूनच एखादं तळं, त्यात ढगांपेक्षा जास्त बगळे. इकडे मैलामैलाला तळी आहेत आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे असं एक तळं असतं तर त्याभोवती चौपाटी आणि भेळेच्या गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

गावात कोष्ट्यांच्या गल्लीत शिरलो. एकेकाळी घरागणिक माग चालायचा म्हणे. आता एखाददुसऱ्या घरातून खटक-खटक ऐकू येते. गोविंदाचं घर कुठलं, असं विचारल्यावर एकानं बोट दाखवलं. ओसरीवर नवं धोतर नेसलेले, पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. चेहरा थेट आजोबांसारखा. निदान मला तसा वाटला. मला काल रात्रीपासून भरून आलेलं होतंच. सरळ त्यांचे पाय धरले.

"आम्ही परत आलो," मी म्हणालो. "उशीर झाला, पण आलो. आता तुम्हीच काय ते आम्हाला सांगा."

म्हातारबुवा गडबडले. "सांगतो ना," ते म्हणाले. "पहिले पोरगी तर पाहू द्या."

ते नवऱ्यामुलाचे आजोबा होते. तुमसरकडून मुलगी बघायला आले होते. माझ्या पाया पडण्यावरून मुलाकडच्यांना आम्ही मुलीचे काका वाटलो आणि मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाकडची मागाहून आलेली मंडळी. दोन्हीकडून इतका आग्रह झाला की खुलासा करायला तोंड मोकळंच मिळालं नाही. त्यात पोहे होते. मुलगी आली. कोणी काही विचारेना, तेव्हा सगळ्यांनी वडीलधारे म्हणून अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी विचारलं, "बाळ, तुला हा मुलगा पसंत आहे का?"

मुलगी आधी चमकली, मग खाली बघून हसली आणि मान हलवली. तुमसरचे आजोबा म्हणाले, "वा. असं विचारायचं आमच्या ध्यानातच आलं नसतं."

पाहुणे गेल्यावर मुलीचे आजोबा, नामदेवबुवा, आमच्याकडे वळले. "आता सांगा, तुम्ही कोण?"

मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की मागावर टेकले. घर गोविंदाचंच होतं. आजोबांनी गाव सोडताना ते नामदेवबुवांच्या वडिलांना दिलं होतं. म्हणजे घर बरोबर, पाय चुकीचे.

"आणि यांना लहानपणी काय म्हणत?" बुवांनी विचारलं.

"कवडू."

बुवांचं हसणं थांबलं. मागाच्या खड्ड्यात सोडलेले पाय त्यांनी वर घेतले. "मंग तुम्ही त्या बुकात कायले शोधता, भाऊ? कवडू बुकात नाई भेटत. आमच्याकडं पहिले ज्या बाईची पोरं जगत नसत, ती नवं झालेलं पोरगं दुसरीच्या पदरात टाके. जिची सारी पोरं जगली, अशीच्या. ती बाई एक कवडी देऊन ते विकत घे. झालं, पोरगं तिचं. खरी माय नुसती पाजणारी. मरण त्या घरी पोरगं न्यायले आलं, तर त्याले कोणी सांगे, इथं पोरगंच नाई. पत्ता चुकते त्याचा."

"आणि मग?"

"मग काय, लग्नाच्या वक्ती लुगडं-चोळी देऊन परत घ्यायचं. तवरी त्या बाईचं." ते अण्णांकडे वळले. "दशरूची बायको रेवता. तिची सारी पोरं जगली होती. तिची पोरगी अजून आहे. तळ्याच्या पाळीजवळ, विहारामागं. जा."

अण्णा उठले. मी म्हटलं, जरा थांबा. मी मागावर बघितलं. कोशाची साडी उतरून घडी घातलेली होती, धानाच्या रंगाची. ती मी घेतली. आजोबांच्याच घरातल्या मागावरची. बापाला सोडवायला साडी घेणारा मुलगा मी एकटाच असेन.

भागरथाबाई अंगणात सुपात धान पाखडत बसल्या होत्या. अण्णांहून मोठ्या, पण कणा ताठ. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली मेणबत्ती. मी या वेळी पाय धरले नाहीत. आधी विचारलं, "दशरूचं घर हेच ना?"

"हेच. तुम्ही?"

अण्णा पुढे झाले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "मी कवडू. गोविंदाचा. का दशरूचा, ते तुम्ही सांगा."

बाईंनी सूप खाली ठेवलं. उठल्या. अण्णांची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि कानामागे बोट फिरवलं. "हे पाह्य, हा वण. चुलीजवळ पडला होता तू. मीच पाडला. मायनं मले धोपटली होती." मग मागे वळून हाक मारली, "सुनंदा, भात वाढव. आपलं पोरगं आलं."

सुनंदा, त्यांची सून, दारात आली आणि ऐंशीच्या घरातलं ते पोरगं बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

खाटेवर बसल्यावर बाईंनी सांगितलं. "पोटचा तू गोविंदाच्या बायकोच्याच. माझ्या मायनंच बाळंतपण केलं. तिथंच पदरात घेतलं, कवडी ठेवली तुझ्या मायच्या हातावर. मी दारात उभी होती. कोतवालालेबी तसंच सांगतलं, दशरूले पोरगा झाला म्हणून. मरणाले फसवायचं तर कोतवालाले कसं खरं सांगायचं?"

मी कपाळावर हात मारला. अण्णा कचेरीतल्या त्याच बुकात दोन-चार पानं पलीकडे असतील. मी मात्र भिंग घेऊन गोविंदाच्या नावाला चिकटून बसलो होतो.

"परत का नाही घेतलं मग?" अण्णांनी विचारलं.

"तुझ्या मायनंच नाई घेतलं. गाव सोडायच्या दिवशी माझी माय म्हणे, लुगडं नको, काई नको, पोरगं तेवढं आपल्या नावावर करून घेऊन जा. तर ती म्हणे, नको रेवता. माझं म्हटलं का मरण ओळखते. मी नेते, पाजते, वाढवते. पण त्याले माझा म्हणणार नाई. तुझाच राहू दे." बाईंनी अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पाळलं का तिनं?"

मांडवातली आजी माझ्या डोळ्यांपुढे आली. घ्या, लोकांचं पोरगं आहे, सांभाळा. विहिणीला मुलगा सोपवतानाही तिनं ते शब्द सोडले नव्हते. आपल्या पोराला माझा म्हणायला जीभ किती वेळा उचलली असेल आणि किती वेळा चावून धरली असेल.

"पाळलं," अण्णा शेवटी म्हणाले. "शेवटपर्यंत."

"पण एक सांगते," भागरथाबाई म्हणाल्या, आणि आता आवाजाला धार होती. "तुमच्या घरी आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. पदर मात्र चालला. माझी माय हसून सांगे, पण मले राग ये. अजूनबी येते."

मी जमिनीकडे पाहिलं. मोजे पिशवीत आणखी खाली ढकलले.

अण्णा म्हणाले, "यायलाच पाहिजे. ताई, पाणी द्या मला."

"मागतल्याबिगर देत नव्हती का मी? पाहुणा आहे का तू?" त्या म्हणाल्या, पण स्वतः उठल्या, तांब्या भरून आणला आणि अण्णांनी तो वरून न पिता तोंडाला लावून रिकामा केला.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. आमच्याकडे भात शेवटी येतो, पाहुण्याला निरोप द्यायला आल्यासारखा. इकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत भातच. अण्णांनी तीनदा घेतला. बाजरीची भाकरी पिशवीतच वाळली, शेवटी सुनंदाताईंनी ती कुतूहलानं मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "दात पक्के असन तुमच्याकडं लोकाईचे."

हात धुतल्यावर मी घसा साफ केला, साडी दोन्ही हातांवर ठेवली आणि उभा राहिलो. भाषण तळ्याच्या पाळीवरच जुळवून ठेवलं होतं. "ताई, रीतीप्रमाणे हे लुगडं घ्या आणि आमचे अण्णा आम्हाला—"

"खाली बस," अण्णा म्हणाले.

"अहो, पण परत घ्यायला नको?"

"कशाला? ऐंशीला आलो या पत्त्यावर. चांगला चाललाय. आता तू माझा खरा पत्ता कोणाला कळवतोस?"

भागरथाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "बराबर बोलला. कवडी, नवस, हे सारं आम्ही दीक्षा घेतली तवाच सोडलं. पोरगं काही सोडायची गोष्ट नव्हती. राहू दे आमच्याचकडं."

"मग या साडीचं काय करू?" मी विचारलं. मी अजून दोन्ही हात पुढे करून उभाच होतो.

"ताईला दे," अण्णा म्हणाले. "दिवाळी नुकतीच गेली. भाऊबीज समजा."

"भाऊबीज आम्ही पाळत नाई," बाई साडीचा पोत अंगठ्यानं बघत म्हणाल्या. "पण साडी ठेवते. नामदेवच्या मागाची दिसते. हात चांगला आहे त्याचा."

निघताना मी म्हटलं, जाता जाता कचेरीत दशरूच्या नावाची नोंद बघून घेऊ, नक्कल काढू. अण्णांनी टोपी चढवली. "तुला हवी असेल तर काढ. माझं काम झालं." मी काढली नाही. पांढरे मोजे सुनंदाताईंना दिले. त्या अंगणवाडीत शिकवतात, पोरांच्या नाटकात सशाचे पाय म्हणून चालतील म्हणाल्या. मोज्यांना एवढा मोठा उपयोग पहिल्यांदाच लाभला.

नाशिक

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही गोदूआत्याकडे गेलो. अण्णांनी सोबत भागरथाबाईंनी दिलेली नव्या तांदळाची पुरचुंडी नेली होती. पुढच्या पितृपक्षाचं त्यांनी गाडीतच ठरवून टाकलं होतं: पान गोविंदाच्या नावानं वाढायचं, शेजारी दुसरं दशरूच्या नावानं. आणि तिसरं? मी विचारलं होतं. तिसरं आईचं आणि चौथं रेवताचं, ते म्हणाले होते. कावळ्यांनी आपसांत वाटून घ्यावं.

आत्या खिडकीत बसली होती. खिडकी त्या दिवशी बंद होती, म्हणजे तिची. तिनं अण्णांकडे बराच वेळ पाहिलं.

"तू कोणाचा रे?"

मी पुढे सरसावलो. एवढा प्रवास करून आणलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं, पुराव्यांसकट. अण्णांनी हातानं मला मागे सारलं, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "लोकांचा."

आत्याचा चेहरा निवळला. तिनं त्यांच्या गालावरून सुरकुतलेला हात फिरवला.

"असंच सांगत जा," ती म्हणाली. "जगशीन."